सर्वांना परवानगी, एकाला मनाई

३ फेब्रुवारी, मंगळवार

नवी वही, नवी नोकरी, जुनीच मी. बाबा म्हणाले, परक्या गावात एकटी आहेस तर रोज चार ओळी लिहीत जा. रोज लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही, हे पहिल्याच पानावर कबूल करून टाकते.

प्राणिसंग्रहालयातले संगणक सांभाळायला मला मार्चअखेरपर्यंत तात्पुरतं घेतलं आहे. मुख्य कार्यालयात टेबल ठेवायला जागा नव्हती, म्हणून सर्पालयाच्या मागची खोली मिळाली. भिंतीपलीकडे अजगर आहे. त्याला ऊब मिळावी म्हणून गरम पाण्याचे नळ माझ्याच भिंतीतून जातात, त्यामुळे बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली तरी माझ्या खोलीत स्वेटर लागत नाही. मला सापांची भयंकर भीती वाटते. मुलाखतीत "सापांचं काही वाटत नाही ना?" असं विचारलं, तेव्हा मी इतक्या ठसक्यात "छे" म्हणाले की आता माघार घ्यायला तोंड राहिलं नाही.

इथले लोक बोलायला जरा रांगडे आहेत. हिशेबनीस काका साठीला टेकलेले, पण सगळे त्यांना तोंडावर 'घुबड' म्हणतात. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना 'साळिंदर'. पिंजऱ्यांवरच्या पाट्या रंगवतात त्या दादांना 'सरडा'. कोणाला राग येत नाही याचंच नवल. मला अजून कोणी काही म्हणत नाही. नावं ठेवायची तरी माणूस ओळखीचा लागतो.

मागच्या दाराशी भिंतीवर छोट्या छोट्या पत्र्याच्या पाट्या ठोकल्या आहेत, प्रत्येकीवर एक प्राणी. पिंजऱ्यांवरून उतरवलेल्या जुन्या पाट्या असणार. त्यात एक चष्मा लावलेलं घुबड आहे. सरडादादांनी काकांची भिंतीवर अशी उघड टिंगल करावी, आणि बिचाऱ्या काकांनी रोज तिच्यासमोरून ये-जा करावी, हे काही मला पटलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सोमवारी संग्रहालय लोकांना बंद असतं. संचालक मॅडमनी तेवढ्यात बोलावून घेतलं. त्याही इथं नव्याच आहेत, डिसेंबरात आल्या. गेल्या महिन्यात सीलांच्या खुराकाचा तक्ता कोणाच्या तरी हातून पुसला गेला. आठवडाभर सीलांना अंदाजानं मासे घातले. सीलांची अर्थातच काही तक्रार नव्हती, पण मॅडमची आहे.

"कोणती फाइल कोणाला उघडता येते, कोणाला पुसता येते, ते मला दाखवा," म्हणाल्या.

मी त्यांना यादी दाखवली. प्रत्येक फाइलच्या दाराशी अशी एक यादी असते. कोणाला आत सोडायचं, कोणी नुसतं बघायचं, कोणी बदल केलेला चालेल, कोणाला दारातूनच परत पाठवायचं, सगळं त्यात असतं. पण ती लिहिलेली असते यंत्रासाठी. कंस, अर्धविराम, सुट्टी इंग्रजी अक्षरं आणि हातभर लांब आकडे.

मॅडमनी कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा. "हे काय, कळफलकावरून मांजर चालून गेलं का?"

त्यांना हे सगळं साध्या वाक्यांत हवं आहे, मार्चअखेरपर्यंत. नाही जमलं तर सगळ्या फाइलींना कुलूप, किल्ल्या बाहेरच्या कंपनीकडे. "मग तुम्हालाही थांबवून ठेवता येणार नाही," हे त्या इतक्या हळुवारपणे म्हणाल्या की मी आभार मानून बाहेर आले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

यादी वाचून तिची वाक्यं करणारा प्रोग्रॅम उभा राहिला. आनंदानं बाबांना फोन लावून पहिलं वाक्य वाचून दाखवलं: "वाचन अनुमत. लेखन अननुमत. विलोपन निषिद्ध."

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. माणसाला दिसतंय की नाही ते त्यांना आवाजावरून कळतं. ऐकून म्हणाले, "हे तू दम कोणाला देतेयस?"

"दम नाही बाबा, परवानगी आहे."

"अक्षरं मोठी केलीस तू, पण नंबर चुकलाय. मला सांगताना कसं सांगितलं असतंस, तसं लिही की."

फोन ठेवल्यावर तासभर फणफणले. मग प्रोग्रॅम बदलला. आता तो म्हणतो: "ही फाइल डॉक्टरांना वाचता येते आणि बदलता येते, पण पुसता येत नाही." हे वाक्य पडद्यावर उमटलं तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली. अजगराशिवाय कोणी बघायला नव्हतं.

बाबांनी शेवटी विचारलंच, कोणी मैत्रीण झाली का? म्हटलं, कामावर कोण कोणाचं असतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज नाक कापलं जायचं ते थोडक्यात वाचलं. डॉक्टर साळिंदर तरातरा आत आल्या. "अगं, तुझा कागद म्हणतो पाणमांजराच्या औषधांची फाइल सगळ्यांना उघडी आहे. मी सकाळपासून दारावर डोकं आपटतेय."

शोधलं तेव्हा चूक सापडली. फाइलला यादीच नसेल, तर दार सताड उघडं. पण यादी आहे आणि ती कोरी आहे, तर आत कोणीच जायचं नाही. नुसतं पाहिलं तर दोन्हीकडे काहीच नाही, पण अर्थ अगदी उलटा. माझा शहाणा प्रोग्रॅम दोन्हींना "कोणावरही बंधन नाही" म्हणत होता. हा कागद मॅडमकडे गेला असता तर माझी पाठवणी फेब्रुवारीतच झाली असती.

मी चूक दुरुस्त करेपर्यंत डॉक्टर खोक्यावर बसून राहिल्या, नंतरही बसल्या. त्यांनी पाणमांजराच्या दातदुखीची गोष्ट सांगितली, मी हसून हसून लोळले. पुढच्या वेळी स्वतःचं स्टूल घेऊन येणार म्हणाल्या. खोली उबदार आहे ना, म्हणून.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

स्टूल आलं. शिवाय खिडकीत घुबडकाकांचा कप आला आणि सरडादादांची टोपी खुंटीवर अडकली. मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येकाला आपापलं वाक्य वाचून हवं असतं. "माझ्याबद्दल काय म्हणतो गं तुझा प्रोग्रॅम?" म्हणून रांग लागते. सीलवाल्या मामांनी तर आपलं वाक्य छापून घेऊन घरी नेलं. इतकी वर्षं नोकरी केली पण आपल्याला काय काय करता येतं हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणाले.

काही ठिकाणी नावाऐवजी नुसताच लांबलचक आकडा येतो. नोकरी सोडून गेलेल्यांचं नाव यंत्र विसरतं, आकडा तेवढा धरून ठेवतं. तिथं मी प्रोग्रॅमला लिहायला लावलं आहे: "पूर्वी इथं असलेली एक व्यक्ती." एप्रिलात माझाही असाच एक आकडा होईल. असो. अजगराचे नळ आहेत तोवर निदान गर्दी तरी आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे कळलं ते कळलं नसतं तर बरं, असं वाटतंय.

'पाटी' नावाच्या कपाटात अठरा फोल्डर आहेत, पाटी-१ पासून पाटी-१८ पर्यंत. पिंजऱ्यांच्या पाट्यांची कच्ची चित्रं असतील असं धरून चालले होते. प्रोग्रॅम चालवला. पाटी-४ बद्दल तो म्हणाला: "हे फोल्डर सर्वांना उघडता येतं. फक्त हिशेबनीसांना मनाई आहे." पाटी-७: सर्वांना परवानगी, फक्त डॉक्टरांना मनाई. पाटी-११: सर्वांना परवानगी, फक्त पाट्या रंगवणाऱ्यांना मनाई. पाट्यांच्या फोल्डरमध्ये पाटीवाल्यालाच मनाई!

प्रोग्रॅम चुकला असेल म्हणून मूळ यादी डोळ्यांनी वाचली. मनाई सगळ्यांत वर, ठळक, कोणीतरी हातानं मुद्दाम घातलेली. सरडादादांनी काकांना बाहेर ठेवलं, तर दुसऱ्या कोणी सरडादादांना. वरवर एकमेकांच्या डब्यातलं खाणारी ही माणसं, आणि प्रत्येकाचं कोणाशी तरी आतून फाटलेलं. मला वाईट वाटलं. विशेषतः काकांचं वाटलं. भिंतीवरचं ते घुबड आठवलं आणि सगळा उलगडा झाला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. आज काकांना आणि सरडादादांना दोघांनाच चहाला बोलावलं, दार लावून घेतलं आणि सरळ मुद्द्यावर आले. "तुमचं जे झालं ते झालं. एका ठिकाणी काम करायचं तर मनात ठेवून चालत नाही."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"आमचं?" काका म्हणाले.

"पाटी-४," मी म्हटलं. "यादीत सगळं दिसतं."

सरडादादांना ठसका लागला. काकांनी त्यांची पाठ थोपटली, चष्मा काढून पुसला आणि फार गंभीरपणे म्हणाले, "खरंय पोरी. फार जुनं आहे आमचं. मिटवायला कोणी पुढं आलं नाही इतकंच." दोघांनी माझ्यासमोर हात मिळवले. दादांचे डोळे भरून आले होते, त्यांना बोलवेना. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

जाताना दादांनी विचारलं, "तुझ्या त्या यादीतून एखादं फोल्डर वगळता येतं का गं?"

"वगळलं तर ती यादी कसली, दादा?" मी म्हटलं. मनात खोट असली की माणूस असे प्रश्न विचारतो. पण ते सुधारतील.

५ मार्च, गुरुवार

नळ फुटला. अजगराला दुसरीकडे हलवलं आहे. माझ्या खोलीत बर्फ पडायचं तेवढं बाकी आहे, बोटं वळत नाहीत. आता गर्दी ओसरेल आणि काम उरकेल, असं वाटलं होतं. पण सगळे कोट घालून, मफलरी गुंडाळून, आपापला चहा घेऊन येतातच. डॉक्टरांनी माझ्यासाठी हातमोजे आणले, बोटं कापलेले, म्हणजे टाइप करता येईल. सवय लागली की सुटत नाही, दुसरं काय.

आज सगळ्यांनी विचित्रच प्रश्न विचारले. सरडादादा: "रंग कोणता आवडतो तुला?" डॉक्टर: "चष्मा कायमचा आहे की कामापुरता?" काका: "अजगर परत आणतायत सोमवारी. घाबरत नाहीस ना तू?" "छे," म्हटलं. काकांनी दादांकडे असं बघितलं, जणू काही पैज जिंकले.

१० मार्च, मंगळवार

पाटी-१९.

कालची तारीख आहे. "हे फोल्डर सर्वांना उघडता येतं. फक्त संगणक सांभाळणाऱ्या व्यक्तीला मनाई आहे."

प्रोग्रॅम इतका चांगला झाला आहे की चूक असेल असं म्हणायची सोय नाही.

१२ मार्च, गुरुवार

मी काय केलं? दोन दिवस तेच चाललंय डोक्यात. दोघांचं भांडण मिटवायला गेले, त्याचा राग असेल. नाहीतर यादीतून वगळायला नकार दिला त्याचा. मी खोलीत शिरले की बोलणं थांबतं, हे आता लक्षात यायला लागलं आहे. काल जेवणाच्या खोलीत गेले तर डॉक्टरांनी एक कागद पटकन ताटाखाली सरकवला आणि हवेबद्दल बोलायला लागल्या. डॉक्टर आणि हवेबद्दल!

खरं सांगायचं तर मला ते फोल्डर उघडता येतं. सगळ्या यंत्रांच्या किल्ल्या माझ्या हातात आहेत. फोल्डरची मालकी माझ्या नावावर करायची, मनाई काढायची, वाचायचं आणि मनाई परत जागच्या जागी ठेवायची. कोणाला पत्ता लागणार नाही. आज एकदा हात तिथवर नेला होता. मग वाटलं, हे जर मी केलं, तर मॅडमना देणार आहे त्या कागदावरचं एकही वाक्य खरं राहणार नाही. मी "मनाई आहे" असं लिहिते, तर त्याचा अर्थ मनाई आहे असाच असायला हवा. पडदा बंद केला आणि पक्ष्यांकडे जाऊन उभी राहिले. रडले थोडी. समोर करकोचा एका पायावर उभा होता, त्याला काही फरक पडला नाही.

१९ मार्च, गुरुवार

बाबांचा फोन. आवाजावरून त्यांना कळायचं ते कळलंच. सांगितलं सगळं.

"अगं, मग विचार ना त्यांना सरळ."

"नाही विचारणार. त्यांना नकोय मी, तर नको."

"नको असलेल्या माणसाला हातमोजे कोण देतं?"

बाबांना कार्यालयातलं राजकारण कळत नाही. आयुष्यभर एकट्यानं दुकान चालवलं त्यांनी.

२४ मार्च, मंगळवार

अहवाल तयार. एकेक फाइल, तिचं एकेक साधं वाक्य. पाटी-१९ चं पान बाजूला काढून बघितलं. ते नसतं तर अहवाल काही बारीक दिसला नसता. परत जागेवर लावलं. अपमान झाला तर चौघांत होऊ दे, पण माझ्या यादीत भोक नको.

२७ मार्च, शुक्रवार

आज एवढं झालंय की वही पुरेल की नाही कोण जाणे.

सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं होतं. मॅडम अहवाल स्वतः मोठ्यानं वाचत होत्या. 'खुराक' कपाटातला सीलांचा तक्ता कोणाला पुसता येत होता ते वाचलं, तेव्हा सीलवाल्या मामांनीच हात वर केला. "माझ्याच कोपरानं झालं असणार," म्हणाले. मॅडम चक्क हसल्या. "म्हणजे हे मला कळतंय," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि पानं उलटत राहिल्या. माझी छाती फुगली होती. पण 'प' अक्षर जवळ येत होतं.

"पाटी-४. सर्वांना परवानगी, हिशेबनीसांना मनाई. का बरं?"

मी उभी राहिले. "ते जुनं भांडण आहे मॅडम. पण मिटलंय. मी स्वतः दोघांना चहा दिला."

मागे कोणीतरी खुर्चीसकट हललं. मॅडम पुढं वाचू लागल्या. पाटी-७, पाटी-११. मी प्रत्येक वेळी "भांडण" म्हणत होते आणि मागून येणारे आवाज वाढत होते. मला वाटलं, दुखऱ्या जागेवर बोट पडतंय.

"पाटी-१९," मॅडम वाचता वाचता थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "फक्त तुम्हाला मनाई?"

"हो मॅडम. हेही भांडण असावं. माझ्याशी. कारण मला ठाऊक नाही." आवाज फाटला शेवटी, इलाज नव्हता.

मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पण तुम्ही ते उघडून बघू शकत होता ना?"

"बघू शकत होते."

"मग?"

"मनाई आहे असं लिहिलंय ना, मॅडम."

मॅडमनी कागद टेबलावर ठेवला. तेवढ्यात डॉक्टर साळिंदर ताडकन उठल्या. "बास झालं. ही पोर रडायला आलीय आणि आपण मजा बघत बसलोय. घुबड, उठा!"

काका उठले. माझ्याजवळ आले, माझा हात धरला आणि मला लहान मुलीसारखं मागच्या दाराकडे घेऊन गेले. सगळा लवाजमा मागोमाग, मॅडमसुद्धा. भिंतीवरच्या त्या पत्र्याच्या पाट्यांपुढं आम्ही उभे राहिलो. चष्मेवालं घुबड. काटे फुलवलेलं साळिंदर. सात रंगांचा सरडा. मिशीवाला सील. मी रोज इथून जात होते आणि मला वाटत होतं, जुना माल आहे.

"इथं आपला प्राणी आपण निवडायचा नसतो," काका म्हणाले. "बाकीचे ठरवतात. सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं, त्याला कधी कधी महिने लागतात. आणि ज्याची पाटी, त्याला त्यातलं अक्षरही दिसता कामा नये. म्हणून मनाई. माझ्याबद्दल काय काय लिहिलं होतं ते मला अजून माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही."

"मग तुमचं आणि दादांचं भांडण?"

"आमचं? बत्तीस वर्षांत एकदाही नाही. पण तू इतक्या मायेनं मिटवायला बसलीस की मोडवेना आमच्याच्यानं." हे ऐकून दादा भिंतीला टेकून अक्षरशः कोलमडले. त्या दिवशी त्यांचे डोळे का भरून आले होते ते आत्ता कळलं. मेल्यानं हसू दाबलं होतं.

शेवटच्या पाटीवर फडकं होतं. दादांनी ते काढलं. रंग अजून ओला होता. मागच्या पायांवर उभं राहिलेलं, चष्मा लावलेलं, हातात बोटं कापलेले हातमोजे घातलेलं मुंगूस.

"सापांच्या भिंतीला पाठ लावून बसते आणि घाबरत नाही," दादा म्हणाले. "आणि एक बीळ सोडत नाही, सगळीकडे नाक खुपसते. दुसरं काही सुचेचना."

मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं. डॉक्टरांनी मला जवळ घेतलं आणि त्यांच्या कोटाला औषधांचा वास येत होता, इतकंच लख्ख आठवतंय. सापांचं खरं काय ते मी सांगितलं नाही. कधीच सांगणार नाही.

"पण मी तर तात्पुरती आहे," मी मॅडमकडे बघत म्हटलं.

"कागदावर कायम करतात त्या मॅडम," काका म्हणाले. "पाटी आम्ही लावतो. आमचं ठरून तीन आठवडे होत आले."

मॅडम भिंतीवरच्या पाट्या एक एक करून बघत होत्या. शेवटच्या पाटीपुढं जी रिकामी जागा आहे तिथं त्यांची नजर जरा जास्तच रेंगाळली असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "बाहेरच्या कंपनीला मी आजच नको म्हणून कळवते. आणि मुंगूसबाई, सोमवारी येऊन कागदावर सही करून जा."

बाबांना फोन केला. बोलता येईना, तर ते म्हणाले, "समजलं. हातमोज्यांचं समजलं."

२९ मार्च, रविवार

दोन महिने दोरीनं बांधून ठेवलेली खोकी सोडली. पुस्तकं फळीवर लावली. एका खोक्यात बाबांच्या दुकानातला अक्षरांचा तक्ता निघाला, तो माझ्या कामाच्या खोलीत अजगराच्या भिंतीवर लावणार आहे.

३० एप्रिल, गुरुवार

या महिन्याचा अहवाल घेऊन मॅडमकडे गेले. आता त्या सराईतपणे वाचतात, मध्येच माझ्या वाक्यांत दुरुस्त्याही सुचवतात. 'प' आला तशी मी खिडकीबाहेर बघायला लागले.

त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं: "पाटी-२०. हे फोल्डर सर्वांना उघडता येतं. फक्त संचालकांना मनाई आहे."

आत काय आहे ते मला माहीत आहे. मी तिथं वाचू शकते, लिहू शकते, आणि दोन वेळा लिहिलंही आहे, काकांचं म्हणणं साफ खोडून काढलं आहे. चेहरा शक्य तेवढा कोरा ठेवला.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम," मी म्हटलं. "जुनं भांडण आहे."

त्या बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग अहवालावर सही केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मग ते मिटवू नका."